दोष तुमच्याच घरात असेल

माझ्या सासुरवाडीत उघडी वस्तू एकच होती, ती म्हणजे सासऱ्यांचं टक्कल. मग सासूबाईंनी त्यावरही टोपी शिवली.

सासरे कव्हरं शिवतात. खाली दुकान, वर घर. मिक्सरचं कव्हर, वॉशिंग मशीनचं कव्हर, सोफ्याचं, सायकलचं, गिटारचं, काय म्हणाल त्याचं. सासरे कापतात, सासूबाई शिवतात, आणि जे विकून उरतं ते वर घरात येतं. त्यामुळे घरात टीव्हीला कव्हर, रिमोटला कव्हर आणि रिमोटचं कव्हर मळू नये म्हणून त्यावर पातळ प्लॅस्टिकचं आणखी एक. लग्नानंतर आम्ही दोघं तिथेच राहायला गेलो आणि पहिल्याच सकाळी ऑफिसला निघताना माझे बूट सापडेनात. बूट समोरच होते, पण कव्हरात. बायको म्हणाली, "सवय होईल." झाली. सुरुवातीला मला ती कव्हरं दिसायची, नंतर दिसेनाशीच झाली. भिंत दिसते का कोणाला? तसंच.

मी स्वतः पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत आहे, तक्रार विभागात. गिऱ्हाईक फोन करून सांगतं की पंप बंद पडतो. मी आवाजात थोडं दुःख आणतो आणि म्हणतो, "आमचा पंप तपासूनच बाहेर पडतो हो. दोष तुमच्याच घरात असेल." मग वीज, पाइप, टाकी, पाणी, यातलं जे हाताशी येईल त्यावर ढकलतो. एका गृहस्थांना तर मी पटवून दिलं होतं की त्यांच्या विहिरीचा स्वभावच तापट आहे. त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

तर अशा या घरात कॉम्प्युटरवरून भांडण झालं, आणि ते माझ्या धाकट्या मेहुणीमुळे झालं. तिला सगळे बॉबिन म्हणतात. लहानपणी शिलाई मशीनच्या पायाशी गरागरा फिरत वाढली, म्हणून. ही बॉबिन कार्टूनची चित्रं हलवायला शिकली आणि एका कार्टून कंपनीने तिला परीक्षा घातली. मांजर चालताना दाखवायचं. अर्धा मिनिट फक्त, पण केस न् केस हलला पाहिजे. सोमवारी सकाळपर्यंत पाठवायचं. जमलं तर नोकरी.

नाही जमलं तर काय, हेही ठरलेलं होतं. सासऱ्यांनी दुकानाच्या गल्ल्यावर बसायला एक नवी खुर्ची आणून ठेवली होती. फिरणारी.

"तुला फिरायला आवडतं ना," ते म्हणाले. "मग इथे बसून फीर."

बॉबिनचा कॉम्प्युटर जुना. साधी चित्रं निमूटपणे दाखवायचा, पण मांजराचे केस आले की त्याला धाप लागायची. त्याला ग्राफिक्स कार्ड हवं होतं. म्हणजे फक्त चित्रं काढण्यासाठी एक वेगळा मेंदू, स्वतःचे दोन पंखे असलेला. नव्या कार्डाची किंमत ऐकून सासऱ्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. म्हणून बॉबिनने जुन्या वस्तूंच्या साइटवरून एकाचं वापरलेलं कार्ड घेतलं. विकणाऱ्याने स्वतःचं नाव ठेवलं होतं 'चोख सौदा' आणि फोटो लावला होता सिंहाचा. जाहिरातीत लिहिलं होतं: 'घरगुती वापर. जिवापाड जपलेलं. विकण्याचं कारण: कौटुंबिक.'

"कौटुंबिक कारणाने कोणी कार्ड विकतं का?" बायकोने विचारलं.

"घटस्फोट झाला असेल," मी म्हणालो. "वाटणीत एकाला कॉम्प्युटर, एकाला कार्ड."

कार्ड बॉबिननेच बसवलं. घरातला कॉम्प्युटरतज्ज्ञ म्हणून मी टॉर्च धरला. ही पदवी मला ऑफिसातल्या प्रिंटरमधून अडकलेला कागद काढल्यापासून मिळाली आहे. कॉम्प्युटर सुरू झाला, पडद्यावर मांजर आलं आणि त्याचे केस असे मऊ हलले की सासूबाई म्हणाल्या, "अगं, शिंकेल ते." सगळे खूश. बॉबिन कामाला लागली. आणि थोड्या वेळाने पंखे घोंघावायला लागले, पडदा काळा झाला, कॉम्प्युटर गप्प. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. मांजर एक पाऊल उचलायचं आणि ते खाली टेकायच्या आत अंधार.

कार्ड बसवण्याआधी हा कॉम्प्युटर एकदाही असा बंद पडला नव्हता. म्हणजे दोष कोणाचा, हे उघड होतं.

बॉबिनने विक्रेत्याला लिहिलं, "नमस्कार. तुमचं कार्ड बंद पडतंय."

उत्तर आलं, "नमस्कार. माझं नाही, तुमचं. मी विकलं."

"चालत नाहीये हो."

"माझ्याकडे चालत होतं. दोष तुमच्याच घरात असेल."

बॉबिनने फोन माझ्यापुढे धरला. "भाऊजी, हे तुमचं वाक्य आहे."

आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आपल्याच घरावर येऊन आदळतं तेव्हा काय वाटतं, ते त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "दे इकडे. हा माझा धंदा आहे."

मी लिहिलं की कार्ड परत घ्या. त्याने लिहिलं, काहीही म्हणा, 'परत घ्या' एवढं म्हणू नका. मी लिहिलं, जगजाहीर करीन. त्याने लिहिलं, करा. मग मी साइटवर त्याच्या नावाखाली अभिप्राय टाकला: 'फोटो सिंहाचा, काम कोल्ह्याचं.' एक तारा. त्याने त्याखाली लिहिलं: 'गिऱ्हाइकाला वायर आणि सुतळी यातला फरक कळत नाही.' सासऱ्यांनाही चेव आला. त्यांनी लिहिलं: 'माल उघडा पाठवला. साधं कव्हर नाही.' एक तारा. शेवटी सासूबाईंनी या एका कामासाठी आयुष्यातलं पहिलं खातं उघडलं आणि त्याला पाच तारे देऊन आल्या.

"आई, पाच कशाला दिलेस?" बॉबिन किंचाळायची बाकी होती.

"मला जास्त राग आलाय," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा कमी का देऊ?"

चोख सौद्याचा भाव त्या दिवशी साइटवर वधारला. त्याने सासूबाईंना हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि त्याच भरात नरमला. लिहिलं, "कॉम्प्युटर घेऊन माझ्याकडे या. तपासतो. पण दुपारी या, आणि चारच्या आत निघायचं."

"मोठा माणूस दिसतोय," सासरे म्हणाले. "वेळ देऊन भेटतो."

सासूबाईंनी कॉम्प्युटरवर प्रवासाचं कव्हर चढवलं. त्यांच्याकडे घरातल्या वस्तूंचीही घरची आणि बाहेरची कव्हरं वेगळी असतात. बाहेरच्याला दोन मुठी, एक खिसा आणि खिशात रुमाल. मी आणि बॉबिन, आम्ही दोघांनी तो टॅक्सीत मधे बसवला. ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं आणि विचारलं, "आत कोण आहे?"

"आजारी आहे," बॉबिन म्हणाली. त्याने खिडकीची काच खाली केली.

चोख सौदा निघाला चष्मेवाला. खाली चष्म्यांचं दुकान, वर घर, आमच्यासारखंच. सिंह म्हणावं तर आमच्या खांद्याला लागेल एवढा. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, तिसरा गळ्यात दोरीला. आम्ही वर जातो न जातो तोच त्याने कव्हर ओढून कोपऱ्यात फेकलं, वायरी जोडल्या आणि हात चोळत बसला.

"आता खरी चाचणी," तो म्हणाला आणि त्याने रणगाड्यांचा एक गेम लावला.

कॉम्प्युटर सुरू झाला तो सुरूच राहिला. रणगाडे धावले, पूल उडाले, गावंच्या गावं पडली, चष्मेवाल्याच्या कपाळावरचा चष्मा घामाने घसरून नाकावरच्या चष्म्याला येऊन भिडला. कार्ड थंडगार. आम्ही बघत बसलो. मधे खालून कोणी गिऱ्हाइकाने हाक मारली तर तो वरूनच ओरडला, "वरची ओळ वाचत बसा, आलोच."

"झाली का चाचणी?" मी विचारलं.

"एवढी टेकडी घेऊ दे," तो म्हणाला.

टेकडी घेतली, मग नदी घेतली. मग त्याची नजर घड्याळाकडे गेली आणि माणूस पांढराफटक पडला. त्याने वायरी अशा उपटल्या की मला वाटलं आग लागली. कॉम्प्युटर कव्हरात कोंबला, मागच्या जिन्याने आम्हाला खाली उतरवलं आणि वरून दबक्या आवाजात म्हणाला, "कार्ड उत्तम आहे. घर तपासा."

घरी आलो. सासूबाईंनी प्रवासाचं कव्हर काढलं, झटकलं, घरचं कव्हर चढवलं. बॉबिन बसली. मांजराने पाऊल उचललं. अंधार.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो तर तिथेही डोक्याला ताप. वर्षभरात तक्रारी नुसत्या वाढल्यात. जो उठतो तो म्हणतो, पंप थोडा वेळ चालतो आणि थांबतो. लोकांत सचोटीच उरली नाही. मी सकाळभर सगळ्यांना त्यांच्या घरातला दोष शोधायला लावला, पण आवाजात पूर्वीचं दुःख काही येईना. एकाने तर विचारलं, "साहेब, तुमची तब्येत बरी आहे ना?"

दुपारी मी चष्मेवाल्याला फोन लावला. "तुमच्याकडे चालतो, आमच्याकडे नाही. आता तुम्हीच येऊन बघा."

मला वाटलं टाळेल. तो म्हणाला, "निघालोच."

आणि आला तो रोज यायला लागला. येताना चष्म्याची तपासणीपेटी हातात, म्हणजे रस्त्यात कोणी भेटलं तर कामाला निघाल्यासारखं दिसावं. निदान करायची त्याची एक पद्धत होती. आधी भिंतीचा प्लग बदलायचा आणि तो बरोबर आहे का हे बघायला रणगाडे लावायचे. कॉम्प्युटर बंद पडला की म्हणायचं, "प्लग नाही." मग टेबल सरकवायचं, पुन्हा रणगाडे. "टेबल नाही." मग खिडकी बंद, दिवा बंद, फ्रिज बंद, बायकोचा हेअर ड्रायर बंद, आणि दर वेळी रणगाडे. सासऱ्यांना तो आवडायला लागला होता. चष्म्याच्या घरांचा विषय निघाला, की त्या घरांना सासरे कव्हर म्हणायचे आणि दोघांची तार जुळायची.

"काका," बॉबिन स्टुलावर बसून म्हणायची, "मला काम करायचंय हो."

"बाळा, निदान झाल्याशिवाय औषध देता येत नाही. हा एवढा पूल ओलांडू दे."

"तुम्ही कालपण पूलच ओलांडत होता."

"काल पलीकडून येत होतो."

तो गेला की बॉबिन बसायची, एकेक पाऊल काढायची, अंधार झाला की डोकं टेबलावर ठेवायची, कॉम्प्युटर उठला की डोकं उचलायची. पाऊल तरी कसं काढणार? समोर बघायला चालणारं मांजर नको? घरात मांजर होतं, पण ते चालत नव्हतं. त्याचं नावच उशी. पूर्वी ही उशी इस्त्रीच्या कव्हरावर पडून असायची आणि इस्त्री हवी असली की उठायची तरी. आता तिने आपला मुक्काम कॉम्प्युटरवर हलवला होता. सकाळी चढायची आणि दिवसभर तिथेच पसरायची. बॉबिनने तिला उचलून खोलीच्या त्या टोकाला ठेवलं तर तिथेच आडवी व्हायची, आणि आपण नजर वळवली की कशी कोण जाणे, पुन्हा वर. मधलं चालणं कोणाच्या दृष्टीस पडायचं नाही.

"लळा लागलाय तिला कॉम्प्युटरचा," सासूबाई कौतुकाने म्हणायच्या.

रविवार उजाडला. सकाळी सासऱ्यांनी ती गल्ल्यावरची खुर्ची वर आणली आणि गळ्यातली टेप काढली.

"बॉबिन, बस जरा. कव्हराचं माप घ्यायचंय. माणूस बसल्यावर खुर्ची दबते, तेवढं सोडावं लागतं."

एरवी तिने दहा उत्तरं दिली असती. त्या दिवशी ती उठली आणि खुर्चीत बसली. हात मांडीवर, पाय जुळवलेले. सासऱ्यांनी पाठीचं माप घेतलं, बैठकीचं घेतलं, आकडे पुटपुटले. ती खुर्चीत फिरली नाही. सासऱ्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तेच माप तिसऱ्यांदा घेतलं आणि विचारलं, "चहा घेतेस?"

"नको, बाबा."

मला राहवेना. चष्मेवाला एव्हाना पेटी ठेवून रणगाड्यात शिरला होता. मी त्याच्या मागे जाऊन म्हणालो, "हे बघा, आज काय ते सांगा. कार्ड परत घ्या, नाहीतर तुमच्या घरी ठेवा आणि हिला तिथे बसून काम करू द्या."

त्याचा रणगाडा नदीत पडला. तो खुर्चीतच वळला आणि पहिल्यांदाच खरं बोलला. "साहेब, ते कार्ड पुन्हा माझ्या घरात दिसलं तर मी घरात दिसणार नाही. बायकोने शपथ घालून विकायला लावलंय. या गेमच्या नादात मी एका हेडमास्तरांच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लावला. ते आठवडाभर शाळेच्या शेजारच्या इमारतीत जात होते."

"म्हणजे कौटुंबिक कारण," माझी बायको म्हणाली.

"ती चार वाजता ड्यूटीवरून येते. ती यायच्या आत—"

"आज सुट्टी आहे," दारातून आवाज आला.

दारात एक बाई उभ्या होत्या. उंच, खांद्याला पिशवी, हातात फोन. त्यांनी फोन आमच्याकडे वळवला. नकाशावर नवऱ्याच्या फोनचा निळा ठिपका आमच्या घरावर बसला होता. "नवरा रोज दुकानावर 'डोळे तपासायला बाहेर' अशी पाटी लावून जातो. गिऱ्हाईक चालत दुकानात येतं, डोळे घेऊन. हा कोणाचे तपासायला जातो ते बघायला आले."

चष्मेवाला उभा राहिला. पडद्यावर त्याचा रणगाडा पाण्यात गोल फिरत होता. "अगं, चाचणी चाललीय."

"हो ना, दिसतेय."

"मी ते परत घेतलं नाही. विचार यांना. मी इथे येऊन..." तो थांबला, कारण वाक्य पुढे नेलं तर फायदा नव्हता.

"कार्ड विकायला लावलं तर त्याच्या मागे त्याच्या सासरी येऊन राहिलास," त्या म्हणाल्या. "मुलीला भेटायला बाप जात नाही एवढा."

नेमका त्याच वेळी कॉम्प्युटर घोंघावला आणि बंद पडला. आम्हाला त्याची सवय झाली होती. त्या मात्र जवळ आल्या. त्या दवाखान्यात नर्स आहेत, हे नंतर कळलं. पण त्यांचा हात ज्या तऱ्हेने पुढे गेला त्यावरून आधीच कळायला हवं होतं. आधी त्यांनी उशीच्या अंगाला हात लावला.

"मांजर आजारी आहे का? खालून भाजून निघालंय."

"तिला तिथे आवडतं," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी उशीला बाजूला केलं आणि कपाळाला लावावा तसा उलटा हात कॉम्प्युटरवर ठेवला. लगेच काढला. "अहो, केवढा ताप आहे याला. आणि अंगावर हे काय घातलंय?"

"कुठे काय?" मी म्हणालो.

शप्पथ सांगतो, मला खरंच काही दिसत नव्हतं. बॉबिनलाही नाही, सासऱ्यांनाही नाही. बाईंनी कव्हराचा कोपरा चिमटीत धरून वर उचलला तेव्हा ते मला दिसलं. जाड, आत फोम भरलेलं, रजईसारखी चौकटी शिलाई, पुढे फक्त बटणापुरतं भोक. पाठीमागे जिथून पंख्याची हवा बाहेर पडते तिथे तर दुहेरी पट्टी, कारण तिथूनच धूळ येते असं सासूबाईंचं मत.

"हे काढत नाही?" बाईंनी विचारलं.

"काढायचं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "बंद असताना काढते की. धुवायला."

"आणि चालू असताना?"

"चालू असताना तर जपायला नको का?"

बाईंनी कव्हर वर ओढून काढलं. आतून जो गरम झोत आला त्याने सासऱ्यांची टोपी हलली. आम्ही सगळे त्या उघड्या लोखंडी डब्याकडे बघत राहिलो. लग्नातला पाहुणा चुकून बिनशर्टाचा समोर यावा तसा तो उभा होता.

"जुनं मशीन थोडंसं तापायचं, ते निभायचं," बॉबिन हळूच म्हणाली. "कार्ड आलं आणि..." तिने दोन्ही हात डोक्याला लावले. "भाऊजी, काकांच्या घरी कव्हर काढलेलं होतं."

"मी म्हटलंच होतं," चष्मेवाल्याने मान ताठ केली. "दोष यांच्याच घरात..."

"तू गप्प बस," त्याची बायको म्हणाली. "रोज त्याच्यासमोर बसतोयस. आणि म्हणे लोकांचे डोळे तपासतो."

सासूबाई कव्हर छातीशी धरून उभ्या होत्या. "माझ्या कव्हराने आजवर कोणाचं वाईट केलेलं नाही," त्या म्हणाल्या.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "अहो आई, आमच्या वॉर्डात रोज हेच. पेशंट तापाने फणफणलेला आणि नातेवाइकांनी तीन पांघरुणं घातलेली. मी काढते, ते पुन्हा घालतात. माया असते ती. पण तापाला माया कळत नाही ना." मग त्यांनी कव्हर हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "शिलाई काय सुरेख आहे. आमच्याकडच्या बीपीच्या मशीनचं असं शिवाल का?"

सासूबाईंचा चेहरा निम्मा तरी उजळला. "माप आणून द्या."

कॉम्प्युटर निवला. बॉबिनने बटण दाबलं. आणि इकडे उशी आपल्या गादीकडे परत आली. चढली, तर खाली गार पत्रा आणि पोटाला पंख्याचा वारा. ती ताडकन उठली. तिने आम्हा प्रत्येकाकडे एकदा पाहिलं. खाली उडी मारली आणि शेपूट काठीसारखी उभी करून, मान वळवून मागे बघत, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. इस्त्रीपाशी गेली, इस्त्रीही गार. वळली. परत चालत आली. पावलागणिक खांदे वर, खांदे खाली, आणि अंगावरचा केस न् केस रागाने हलतोय.

"कोणी हलू नका," बॉबिन कुजबुजली. तिच्या हातात फोन होता आणि ती जमिनीवर पोटावर आडवी झाली होती.

आम्ही सहाजण श्वास रोखून उभे. उशीने तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला तिला सासऱ्यांनी आणलेली खुर्ची दिसली. ती वर चढली, एकदा फिरली आणि मापात बसली.

त्यानंतर कॉम्प्युटर बंद पडला नाही. सासूबाई मधूनमधून येऊन त्याच्याकडे बघत, पदराने त्याच्यावरची न दिसणारी धूळ पुसत आणि जात. बॉबिनने चहा तिथेच घेतला, जेवण तिथेच घेतलं. चष्मेवाल्याला त्याच्या बायकोने निघताना कार्डाकडे एकदा बघू दिलं. सोमवारी सकाळी मांजर कार्टून कंपनीकडे गेलं आणि आठवड्याच्या शेवटी तिथल्या साहेबांचा फोन आला. त्यांना एकच प्रश्न होता. या मांजराच्या चालीत एवढा अपमान कुठून आणला?

"घरचाच आहे," बॉबिन म्हणाली. एक तारखेपासून ती तिकडे जाते. गल्ल्यावरच्या खुर्चीत आता उशी असते आणि सासरे उभ्याने धंदा करतात. साइटवर मी कोल्ह्याचा अभिप्राय काढून टाकला. सासूबाईंचे पाच तारे मात्र होते तसेच ठेवले.

आता उरली माझी गोष्ट. त्या सोमवारी मी ऑफिसात पोहोचलो तर फोन वाजतच होता. एक म्हातारे गृहस्थ. "पंप थोडा वेळ चालतो, तापतो आणि थांबतो हो. वर्षभर हेच चाललंय."

माझं वाक्य जिभेवर आलं होतं. ते तिथेच अडलं. मी विचारलं, "आजोबा, त्याच्यावर काही झाकलंय का?"

"झाकलंय की. पंपाबरोबर फुकट आलेलं कव्हर. तुम्हीच दिलंय. काय सुंदर शिवलंय, चौकटी शिलाई, आत फोम. तुमच्या पत्रकात लिहिलंय, कधीही काढू नये."

मी खुर्चीत मागे टेकलो. पत्रकातलं ते वाक्य माझं होतं. कव्हरांची ऑर्डरही गेल्या वर्षी माझ्याच शब्दावर सासऱ्यांना मिळाली होती. त्या दिवसापासून मी सासुरवाडीत 'अहो'चा 'जावईबापू' झालो होतो. आणि वर्षभरातली ती सगळी तक्रार करणारी माणसं, ज्यांच्या सचोटीबद्दल मी हळहळत होतो, ती एकेक करून माझ्या डोळ्यांपुढून गेली. तापट विहिरीवालेसुद्धा.

"काढा ते," मी म्हणालो. "आत्ता काढा. मी फोन धरतो."

ते गेले. लांबून पंपाचा आवाज आला. मी माझा चहा संपवला, तरी आवाज चालूच. आजोबा परत आले ते धापा टाकत. "चाललाय हो. मग दोष कुठे होता?"

"घरातच होता," मी म्हटलं. "पण तुमच्या नाही."

फोन ठेवला आणि सासूबाईंना लावला. "आई, जाळीचं कापड आहे का आपल्याकडे? हवा जाईल असं."

"आहे की. कालच कॉम्प्युटरचं जाळीचं शिवलं. का हो, जावईबापू?"

मी सांगितलं. पंप किती विकले, कव्हरं किती गेली, सगळी बदलून द्यावी लागतील आणि साहेबांपुढे मला काय काय कबूल करावं लागेल. पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, रडताहेत.

"अहो," त्या सासऱ्यांना म्हणत होत्या, "कात्री काढा. सगळी पुन्हा शिवायचीत. मापं तीच आहेत."